यादीतलं आठवं नाव

वाहिनी १७

४०७३१९.

वाहिनी ६२

नळवाले शेख चाचा आमच्या गाडीत एकदाच बसले. पाना घरी विसरला होता म्हणून. जाऊन येऊन अकरा मिनिटं. तेवढ्यात दोन कव्वाल्या झाल्या.

वाहिनी ३

चंद्राच्या मागच्या बाजूला सगळे जण तारेचे हेडफोन वापरतात.

वाहिनी ५०

ज्वारीचं पीठ, मेथीची पूड, धण्याची पूड. एकदा कालवलं की वेगळं करता येत नाही.

वाहिनी २८

"ऋजुताचा फोन: सापडला नाही."

हे मी रोज ऐकते. सकाळी साडेसातला, शाळेत जाताना.

वाहिनी ७१

कोडं: गाडीला डोळे नसतात. मग जवळ आलेला फोन कुणाचा, हे तिला कसं कळतं?

या कोड्याचं चुकीचं उत्तर मी शनिवारी दिलं. बरोबर उत्तर रविवारी कळलं. दोन्हींच्या मधे अप्पांचे पाय भाजले.

वाहिनी ४४

तुकडे असे उड्या का मारतायत ते पुढे कळेल. आता सरळ सांगते.

मी शाल्मली. वय अकरा. आमच्या घरात तिघं: आई, आईचे वडील म्हणजे माझे अप्पा, आणि मी. घर परभणीत. सध्या परभणीत दोघंच आहोत, कारण आई चंद्रावर आहे. तीही चंद्राच्या मागच्या बाजूला, जी पृथ्वीवरून कधीच दिसत नाही. तिथे ती अँटेना उभारते. पृथ्वीवरचे फोन, टीव्ही, विमानं या सगळ्यांचा रेडिओ-गोंगाट चंद्राच्या पाठीमागे पोचत नाही. म्हणून आकाशाच्या कोपऱ्यातली अगदी बारीक कुजबुजसुद्धा तिथे ऐकू येते. ती शांतता बिघडू नये म्हणून तिथे बिनतारी काहीच चालू ठेवायचं नाही असा नियम आहे. आईला जाताना एक किलो सामान न्यायची परवानगी होती. त्यात तिने स्वतःचा फोन नेला. तो तिथे बंद करून पिशवीत ठेवलेला असतो.

अप्पांनीही आयुष्यभर हेच काम केलं. चाळीस वर्षं ते रेडिओ-दुर्बिणीवर (आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या मोठ्या अँटेनांवर) होते. "ऐकून ऐकून कान गेले," असं ते पाहुण्यांना सांगतात. ते खरं नाही. आकाशातल्या लहरींना आवाज नसतो, हे त्यांनीच मला सांगितलंय. कान वयाने गेले. डावा पूर्ण, उजवा अर्धा.

आईचा फोन, तोही तिथल्या तळावरच्या तारेच्या फोनवरून, पंधरा दिवसांतून एकदा येतो, रविवारी, दुपारी चार चाळीसला. चंद्राभोवती फिरणारा एक उपग्रह तिचा आवाज पलीकडून उचलतो आणि आपल्याकडे टाकतो. नियमातून सूट फक्त तेवढ्या सहा मिनिटांची. मग तो उपग्रह बाजूला सरकतो.

हा फोन आम्ही गाडीत बसून घेतो. गाडी कुठे जात नाही, दारातच उभी असते. काचा वर, दारं बंद. अप्पांना फोनमधला आवाज नीट कळत नाही आणि कानातलं यंत्र फोनला लावलं की शिट्टी मारतं. पण गाडीच्या चार दारांत चार स्पीकर आहेत. आई बोलायला लागली की आवाज चारही बाजूंनी येतो आणि अप्पांना एकेक शब्द कळतो. शिवाय आम्ही तिघं शेवटचं एकत्र बसलो होतो ते गाडीतच.

वाहिनी ९

गाडीबाई (आम्ही गाडीला असंच म्हणतो) जुनी आहे. चालू केली की ती ओळखीचे फोन शोधते आणि मोठ्याने सांगते. तिच्या यादीत आठच जागा आहेत. गेल्या आठवड्यात यादी अशी होती:

अप्पांचा फोन
शाल्मलीचा हेडसेट
कुलकर्णीकाकूंचा फोन
दिनूमामांचा फोन (एकदा, लातूरपर्यंत)
दिनूमामांचा दुसरा फोन (लातूरहून परत)
चुलतबहीण सानवीचा फोन
शेख चाचांचा फोन
ऋजुताचा फोन

ऋजुता म्हणजे आई. ती शेवटी आहे, कारण सगळ्यांत जास्त दिवस तीच आलेली नाही.

इतकी माणसं यादीत कशी आली? आमच्या गाडीचा नियम आहे: जो पुढे बसेल त्याचं गाणं. नियम आईचाच. त्यामुळे पुढच्या सीटवर कुणीही टेकलं की आम्ही आधी त्याचा फोन गाडीला जोडतो, मग पट्टा लावायला सांगतो. पाच मिनिटांच्या वाटेसाठीसुद्धा. दर वेळी आई एक पायरी खाली जात होती, आणि ते आमच्या लक्षात आलं नाही.

वाहिनी ३३

शुक्रवारी अप्पांचा फोन बंद पडला तो पडलाच. शनिवारी नवा आला. आता तो गाडीला जोडायला हवा, नाहीतर रविवारी आईचा आवाज स्पीकरवर कसा येणार?

"जोडू की," मी म्हटलं.

अप्पांनी डोळ्यांवर चष्मा चढवला आणि गाडीची पुस्तिका उघडली. बोटाने एकेक ओळ वाचत गेले. मग म्हणाले, "नववा फोन जोडला तर यादीतला सगळ्यांत जुना आपोआप गळतो."

"मग शेख चाचांना काढू. किंवा तुमचा जुना फोन. तो तर मेलाय."

"काढायचं बटण कुठे आहे ते बघ."

बटण पडद्याच्या खालच्या भागात आहे. आणि पडद्याचा खालचा अर्धा भाग दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात उन्हाने काळा पडला आहे. तिथे बोट लावून काही होत नाही. तोंडाने सांगून गाडीबाई काहीही पुसत नाही. रस्त्यावरून कुणी ओरडून पुसायला लावू नये म्हणून तिला तसंच बनवलं आहे. गॅरेजवाला दादा म्हणाला, नवा पडदा बसवतो, पण त्याच्यासोबत नवी यादी येईल, कोरी.

म्हणजे आईचा आवाज गाडीत हवा असेल, तर आईचं नाव गाडीतून जाणार.

मला ते नको होतं. "सापडला नाही" असं का होईना, पण रोज सकाळी कुणीतरी तिचं नाव घेत होतं. ती गेल्यापासूनच्या दोन वर्षांत घरी तिचं नाव घेणं कमी झालं होतं. अप्पा घ्यायचे आणि मग खिडकीबाहेर बघायचे, म्हणून मी घेत नव्हते. गाडीबाई मात्र रोज शोधायची. आणखीही एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. आई हसते कशी, ते मला आता पटकन आठवत नाही.

वाहिनी ५५

शनिवारी संध्याकाळी अप्पांचा नवा फोन चार्जिंगला होता. मी तो उघडला. प्रत्येक फोनला एक नाव असतं, आणि ते बदलता येतं. मी लिहिलं: ऋजुताचा फोन.

मला वाटलं, गाडीबाई नावानेच ओळखत असणार. याच नावाचा फोन आला की ती त्याला आईच्याच जागेवर बसवेल. कुणी आत येणार नाही, कुणी बाहेर जाणार नाही. मी स्वतःवर खूष झाले आणि गाडीला फोन दिसावा म्हणून त्यातली शोधाची खूण चालू करून तो परत ठेवून दिला.

वाहिनी १२

रविवारी जेवण झाल्यावर अप्पा नवा फोन शर्टाच्या खिशात टाकून गाडीत जाऊन बसले. मी पायरीवर बसून सँडलचा पट्टा लावत होते. गाडीबाई जागी झाली. तिने सगळी नावं घेतली. मग म्हणाली:

"नवा फोन जवळ आहे. ऋजुताचा फोन."

अप्पा हलले नाहीत. गाडीबाईने परत सांगितलं, "ऋजुताचा फोन. जोडायचा का?"

अप्पांनी दार उघडलं. चपला गाडीतच राहिल्या. ते फाटकापर्यंत जवळजवळ पळत गेले, दुपारच्या एक वाजताच्या डांबरावर, अनवाणी. रस्त्याच्या डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. समोरच्या टेम्पोच्या मागे वाकून पाहिलं.

"ऋजू?" ते म्हणाले. "ए ऋजू, लपू नको. कळलंय मला."

टेम्पोमागून एक कुत्रं उठून गेलं.

मी म्हटलं, "अप्पा, ते... ते मी लिहिलंय."

ते परत आले. पायरीवर माझ्या शेजारी बसले. फोन खिशातून काढून त्यावरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

"का गं?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पाय भाजले बघ. बादलीत पाणी आण. आणि येताना ज्वारीचं पीठ आण, दोन वाट्या. मेथीची पूड, धण्याची पूड. आणि तोंड पूस आधी."

वाहिनी ५०

अप्पा बादलीत पाय सोडून बसले आणि शिकवायला लागले.

"ब्लूटूथ (कमी ताकदीच्या रेडिओलहरींनी जवळच्या यंत्रांशी बोलायची पद्धत) मी शाळेत होतो तेव्हा आली. अजून टिकून आहे. तिचा आवाज किती लांब जातो?"

"दहा मीटर."

"साधारण. म्हणून मला वाटलं, ती फाटकापाशी आहे." त्यांनी पाण्यात पाय हलवले. "आता नाव म्हणजे काय? नुसता शर्ट. कुणीही कुणाचाही घालावा. कुणी चोराने फोनचं नाव 'अप्पांचा फोन' ठेवलं तर गाडीने त्याला आत घ्यायचं का?"

"नाही."

"म्हणून गाडी नावावर जात नाही. ती किल्लीवर जाते. किल्ली (दोनच यंत्रांना माहीत असलेला लांबलचक गुप्त आकडा) जोडणीच्या वेळी एकदाच तयार होते. अर्धी इकडे, अर्धी तिकडे असं नाही. दोघांकडे तीच, पूर्ण. पुढे प्रत्येक वेळी भेटल्यावर ते एकमेकांची परीक्षा घेतात: हे गणित किल्ली वापरून सोडव बघू. उत्तर जुळलं तर तूच तो."

"पण किल्ली एकाकडून दुसऱ्याकडे हवेतूनच जाणार ना? मधे कुणी ऐकली तर?"

"शाबास. ती हवेतून जातच नाही. वाटी घे."

एक वाटी माझी, एक त्यांची. दोन्हींत सारखंच ज्वारीचं पीठ, सगळ्या जगाला दिसेल असं.

"आता तोंड फिरव आणि तुझ्या वाटीत तुझं काहीतरी गुपचूप घाल. मी माझ्यात माझं घालतो. नीट कालव."

मी मेथी घातली. त्यांनी धणे घातले असणार, वास आला.

"आता वाट्या बदलू. उघड उघड, सगळ्यांसमोर. हे झालं हवेतून जाणं. आता माझ्या वाटीत तू परत तुझंच गुपित घाल, तेवढंच. मी तुझ्या वाटीत माझं घालतो. चाख."

दोन्ही वाट्यांची चव एकच. कडवट आणि कच्ची. ज्वारी, मेथी, धणे.

"म्हणजे दोघांकडे तेच मिश्रण आलं," मी म्हटलं, "पण ते तयार मिश्रण कधी एकाकडून दुसऱ्याकडे गेलंच नाही!"

"तीच किल्ली."

"पण थांबा. वाट्या बदलताना चोराने दोन्हींतलं थोडं थोडं घेतलं आणि एकत्र केलं तर? त्यालाही तिन्ही मिळतील."

अप्पा असे हसले की बादलीतलं पाणी सांडलं. "आईसारखी भांडतेस. कर तसं, मोज. त्याच्याकडे ज्वारी किती येईल?"

मी विचार केला. "दुप्पट! चव चुकणार. आणि कालवलेलं पीठ त्याला वेगळं करता येणार नाही."

"यंत्रं पिठाऐवजी आकडे कालवतात. एका बाजूने कालवायला सोपे, उलट्या बाजूने वेगळे करायला फार अवघड, असे आकडे."

"मग जोडताना पडद्यावर सहा आकडी नंबर येतो तो कशाला? तीच किल्ली का?"

"नाही. तो राखणदार. समज, चोर नुसता ऐकत नाही, मधे येऊन उभा राहतो. तुला म्हणतो मीच अप्पा, मला म्हणतो मीच शालू. तुझ्याशी वेगळं पीठ कालवतो, माझ्याशी वेगळं. आपल्याला पत्ताच नाही. पण ते सहा आकडे त्या पिठांवरूनच निघतात. मधे कुणी असेल तर फोनवर एक नंबर येईल आणि गाडीवर दुसरा."

"आणि हे गाडीला कळत नाही?"

"नाही कळत. दोन्ही पडदे बघणारं कुणीतरी लागतं. त्याने बघायचं, सारखे आहेत, आणि 'होय' दाबायचं. सगळं यंत्र करतं, पण एवढ्या एका क्षणाला त्याला माणूस लागतो."

वाहिनी ६

"आणि बोलताना ही दोघं एका जागी थांबत नाहीत," अप्पा पाय पुसत म्हणाले. "त्यांच्यासाठी एकोणऐंशी वाहिन्या (रेडिओलहरींच्या वेगवेगळ्या वाटा) असतात. सेकंदाला सोळाशे वेळा ती वाट बदलतात. एका वाटेवर गोंगाट असला तर थोडासाच तुकडा बिघडतो. बाकीचे तुकडे जागेवर पोचतात. ऐकणाऱ्याला उड्यांचा क्रम माहीत असतो, म्हणून त्याला सगळं सलग ऐकू येतं. बाकीच्यांना नुसते तुकडे."

म्हणून ही गोष्ट अशी आहे.

वाहिनी ७८

चार वाजले.

"आईची किल्ली आपण कागदावर उतरवून ठेवू," मी म्हटलं. "मग परत घालू."

"गाडी किल्ली कुणाला दाखवत नाही. तुला नाही, मला नाही. दाखवली असती तर ती किल्ली कसली?"

"आणि गाडीतली गेली तरी आईच्या फोनमधली राहील?"

"राहील. पण एकाकडेच असून उपयोग नाही. तिचा फोन गाडीला ओळखेल आणि गाडी म्हणेल, कोण आपण?"

हे ऐकून मी रडले. गाडीसाठी नाही. आई दारात उभी आहे आणि मी म्हणते आहे, कोण आपण, असं मला दिसलं म्हणून. हे मी अप्पांना सांगितलं. हसण्याचंही सांगितलं, की आठवत नाही.

अप्पांनी फोनचं नाव बदललं: अप्पांचा नवा फोन. आणि तो माझ्या हातात दिला.

"तू ठरव. नको असेल तर राहू दे. मी फोन कानाला लावेन. ऐकू येईल तेवढं येईल."

"तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही अप्पा."

"मागच्या वेळचं आठवत बसेन मग."

चार पस्तीसला मी गाडीत पुढच्या सीटवर बसले. पडद्याच्या वरच्या, धड असलेल्या भागात अक्षरं आली: यादी भरली आहे. सर्वांत जुनं नाव काढलं जाईल. ऋजुताचा फोन. पुढे जायचं?

गाडीच्या आठवणीत तिचं नाव होतं. पण पाच मिनिटांनी ती स्वतः बोलणार होती. अप्पा खिडकीबाहेर बघत होते.

मी 'पुढे' दाबलं. फोनवर आलं ८१५२६०. गाडीवर आलं ८१५२६०. मी दोन्ही मोठ्याने वाचले, अप्पांनी मान हलवली, मी 'होय' दाबलं.

वाहिनी २

"शालू? अप्पा? ऐकू येतंय का?"

चारही दारांतून. अप्पांनी डोळे मिटले.

चंद्रापर्यंत आवाज जाऊन उत्तर यायला तीन सेकंद लागतात. आपण बोलायचं, मग मोजायचं.

"आई, मी तुला काढून टाकलं."

एक. दोन. तीन.

"अगं बाई! कुठून?"

"गाडीतून. यादीतून. जागा नव्हती. अप्पांचा नवा फोन जोडायचा होता, नाहीतर त्यांना तू ऐकू आली नसतीस."

एक. दोन. तीन. आणि मग आई हसली. आधी नाकातून एक छोटा आवाज, मग श्वास आत, मग मोठ्याने. असं आहे ते. नाक, श्वास, मोठ्याने. मी लगेच मनात लिहून ठेवलं.

"म्हणजे शेख चाचा गाडीत आणि मी बाहेर!"

"तुझाच नियम. जो पुढे बसेल त्याचं गाणं."

एक. दोन. तीन.

"खरंय. ऐक शालू. माझ्या फोनमध्ये गाडी आहे अजून. घरी आले की मी पण ती पुसेन. मग दोघी बसू, नवी किल्ली करू. जुनीच हवी असं काही नाही गं. दोघी तिथे असलो म्हणजे झालं."

"किती दिवस?"

एक. दोन. तीन.

"दोनशे अकरा."

"ऋजू," अप्पा स्पीकरच्या दिशेने ओरडले, "जेवतेस ना वेळेवर?"

एक. दोन. तीन.

"अप्पा, ओरडू नका, इथे सगळ्या चंद्राला ऐकू जातं. जेवते. आज तर आम्ही..."

सहा मिनिटं संपली. उपग्रह सरकला.

वाहिनी २८

सोमवारी सकाळी साडेसातला गाडीबाईने नावं घेतली. अप्पांचा नवा फोन, मग जुना, माझा हेडसेट, काकू, दिनूमामा, पुन्हा दिनूमामा, सानवी, शेख चाचा. मग ती थांबली. त्यापुढची जागा मला ऐकू येत होती.

"ऋजुताचा फोन," मी म्हटलं.

"सापडला नाही," अप्पा गाडीबाईच्या आवाजात म्हणाले, आणि त्यांनी गाडी काढली. आता हे आम्ही रोज करतो. खिडकीबाहेर बघणं कमी झालंय.

शाळेतून आल्यावर आम्ही टेप घेऊन गाडीपासून रस्त्यापर्यंत दहा मीटर मोजले. फाटकाच्या दोन पावलं पलीकडे मी विटेच्या तुकड्याने रेघ मारली. पावसाने पुसली की परत मारणार. आई येईल त्या दिवशी मी त्या रेघेच्याही पुढे उभी राहणार आहे. गाडीला कळायच्या आधी मला कळायला हवं.

अप्पांनी हिशोब केला. चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर लांब. "त्यातले शेवटचे दहा मीटर गाडीचे," ते म्हणाले, "बाकीचं अंतर तिने यायचं."

वाहिनी १७

गाडी घरी आली त्या दिवशी मी चार वर्षांची होते. आईचा फोन जोडताना पडद्यावर ४०७३१९ आलं, आईने ते वाचलं, आणि 'होय' मी दाबलं.